गोधडीतलं गुपित

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "ताई, फोटोच्या आत मेसेज लपवता येतो म्हणे, कसं ते शिकव ना," आणि मी "अगं, येतो की" म्हणेपर्यंत "आई आली, ठेवते" म्हणून फोन बंदही केलास. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. कोण आहे, हे मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पण विद्या अर्धवट शिकलीस तर फसशील, म्हणून आज सगळं नीट सांगते. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आपली 'च'ची भाषा आठवते? गच्चीवर पापड राखत बसायचो तेव्हा मी म्हणायचे, "चमी चातेज", आणि तू खिदळत उठायचीस. आईला एक शब्द कळत नव्हता. पण या दोघी काहीतरी लपवताहेत, हे तिला जिन्यातूनच कळायचं आणि दोघींना खाली बोलावणं यायचं. कुलूप होतं, पण ते सगळ्यांना दिसत होतं. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या, तेव्हाही तसंच. पोथी हातात घेतली की इथे काही गूढ लिहिलंय हे कुणालाही दिसे, वाचता मात्र येत नसे. शेवटी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला.

तू विचारतेयस ती विद्या याहून निराळी. इथे मजकूर आहे हेच कुणाला कळू द्यायचं नाही. हेरोडोटसने एक गोष्ट सांगितलीय. हिस्टियस नावाच्या ग्रीकाला इराणच्या राजाने आपल्या दरबारात अडकवून ठेवलं होतं. त्याने एका गुलामाचं डोकं भादरलं, त्यावर निरोप गोंदवला, केस वाढेपर्यंत थांबला आणि मग त्याला मिलेटस शहरात धाडलं. तिकडच्या माणसाने पुन्हा डोकं भादरलं आणि निरोप वाचला. वाटेत कुणी त्या गुलामाची झडती घेतलीच असती, तरी काय सापडणार होतं? मला मात्र दर वेळी त्या गुलामाचं वाईट वाटतं. आयुष्यभर दुसऱ्याचं पत्र डोक्यावर घेऊन फिरला बिचारा.

आता फोटोकडे ये. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकडा ० ते २५५ मधला. निळ्याशार आभाळाचा एक ठिपका समज १३५, २०६, २३५ असा आहे. यातला २०६ मी २०७ केला तर तुला फरक दिसेल? तुलाच काय, पैठणीचा रंग एका नजरेत जोखणाऱ्या आपल्या मावशीलाही दिसणार नाही. सगळी गंमत या एका आकड्याच्या फरकात आहे.

लहानपणी मुठीत चिंचोके धरून 'एकी की बेकी' खेळायचो ना, तस्संच. ठरवायचं की आकडा एकी, म्हणजे विषम असेल तर तो १, आणि बेकी, म्हणजे सम असेल तर ०. संगणकाला सगळं एक आणि शून्यातच कळतं. आपलं 'क' हे अक्षर तो २२४, १६४, १४९ अशा तीन आकड्यांत साठवतो. ते एक-शून्यात उलगडले की २४ खुणा होतात, आणि सुरुवात होते १, १, १, ० अशी. पहिल्या तीन खुणा त्या आभाळाच्या ठिपक्यात बसवू. १३५ एकीच आहे, राहू दे. २०६ बेकी आहे, त्याला २०७ कर. २३५ एकी आहे, राहू दे. तीन खुणा लिहून झाल्या आणि बदलला एकच आकडा. मोठ्या मजकुरात सरासरीने निम्मेच आकडे बदलावे लागतात, कारण निम्मे आधीच हवे तसे असतात. असे आठ ठिपके झाले की 'क' पूर्ण. 'आई' लिहायला सोळा ठिपके.

इंग्रजी अक्षराला तीन ठिपकेही पुरे लागत नाहीत, मराठीला आठ. पण जागेची ददात नाही. तुझ्या मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. त्यात मराठीची १५ लाख चिन्हं मावतील. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली तरी एखादी जाडजूड कादंबरी आरामात बसेल. अक्खी कादंबरी, आणि वर दिसतंय काय, तर खिडकीत झोपलेलं मांजर!

इथवर वाचून तुझे डोळे चमकले असतील, म्हणून लगेच सांगते: कादंबरी बसते म्हणून भरायची नसते. २०६ आणि २०७ ही एक जोडी धर. साध्या फोटोत २०६ आकडा किती वेळा येतो आणि २०७ किती वेळा, हे मोजलं तर दोन्ही संख्या सहसा वेगळ्या निघतात. आपण मजकूर भरतो तेव्हा २०६चे काही २०७ होतात, २०७चे काही २०६, आणि फोटो पुरता भरला की दोन्ही जवळजवळ सारखे होऊन बसतात. सगळ्याच जोड्यांचं तसं होतं. दोन जावांच्या ताटात रोज लाडू अगदी तेवढेच पडायला लागले, तर सासूला शंका येणारच ना? आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फिट्झमान या दोघा जर्मनांनी १९९९ साली नेमका हाच ताळा मांडून दाखवला. त्यांनी मजकूर वाचला नाही. इथे काहीतरी भरलंय एवढंच ओळखलं, आणि या विद्येत तेवढ्यानेच हार होते. म्हणून फोटो मोठा आणि मजकूर चिमूटभर. तोही एका कोपऱ्यातून ओळीने भरण्यापेक्षा पासवर्डवरून ठरणाऱ्या जागांवर विखुरलेला बरा.

फोटो कुठला घ्यायचा, यात तर सुगरणपणाच लागतो. मोकळं आभाळ, पांढरी भिंत, कार्टूनचं चित्र, स्क्रीनशॉट, हे सगळं नको. अशा चित्रांत शेजारशेजारचे ठिपके अगदी सारखे असतात, म्हणून एक आकडा हलला तरी गणिताला तो टोचतो. गवत, पावसात भिजलेला रस्ता, मंडईतली गर्दी, आजीची गोधडी असं काही घे. गोधडीत हजार चिंध्या आणि लाख टाके. त्यात आपला एक टाका कोण मोजतंय? फोटो स्वतः काढलेला हवा. नेटवरून उतरवलेला असला तर मूळ प्रत कुणालाही मिळते आणि दोन्ही शेजारी ठेवली की खेळ खलास. लपवून झालं की आपल्याकडची मूळ प्रतही पुसून टाक. एकाच फोटोत दोनदा वेगवेगळं लपवून दोन्ही पाठवू नकोस, कारण तेव्हा तुलना करायचं काम तूच सोपं करून देतेस.

आता माझी फजिती ऐक. कुणाला सांगितलेली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी खोलीवर तिघींबरोबर राहत होते. डायरी लिहायची सोय नव्हती, म्हणून रोज रात्री चार ओळी फोटोंत लपवायचे. आठ महिने. आजी गेली त्या आठवड्यातलं सगळं त्यातच होतं. पुढे मोबाइलची जागा संपत आली, तेव्हा मी फोटो ऑनलाइन साठवणीत टाकले आणि 'जागा वाचवा' हा पर्याय निवडला. मोबाइलवरचे पुसले. महिन्याभराने उघडायला गेले तर पासवर्ड बरोबर, फोटो डोळ्यांना तस्सेच, आणि आत नुसती माती.

झालं होतं ते असं. जागा वाचवताना फोटो जेपेग पद्धतीने दाबून बसवतात. त्यात आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्याला जे बारकावे जाणवत नाहीत ते गाळून, आकडे ढोबळ करून टाकतात. डोळ्याला न दिसणाऱ्या त्याच फरकात मी आठ महिने लिहीत होते! त्या साठवणीने काहीच चुकीचं केलं नाही, मीच न वाचता बटण दाबलं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंस तर हेच होतं. एचडी निवडलं तरी फोटो थोडा दाबला जातोच. गुस्ताव्हस सिमन्स नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९८३ मध्ये एक कोडं मांडलं होतं. तुरुंगात दोन कैदी आहेत, त्यांना पळून जायचा बेत ठरवायचाय, आणि जेलर म्हणतो, मी तुमची पत्रं पोचवीन, पण वाचून. सांकेतिक भाषा दिसली की पत्र बंद. मग साध्या पत्राच्या आत बेत दडवावा लागतो. आता असा जेलर मनात आण, जो पत्रात काय आहे याच्या भानगडीतच पडत नाही, पण प्रत्येक पत्र आपल्या हस्ताक्षरात पुन्हा लिहून पुढे देतो. फोटोंच्या बाबतीत व्हॉट्सॲप असा जेलर आहे. त्याला तुझ्या गुपितात काडीचा रस नाही, तरी ते त्याच्या हातून मरतं.

उपाय आहे. फाइल पीएनजी ठेवायची, कारण त्यात एकही आकडा गाळला जात नाही, आणि ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. मग ती जशीच्या तशी पोचते. पण यात दोन फटी आहेत. एक म्हणजे वजन. मोबाइलचा तीन-चार एमबीचा फोटो पीएनजी केला की वीसेक एमबीचा होऊन बसतो, आणि मांजराचा २० एमबीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून कोण कशाला पाठवेल? म्हणून आधी फोटो लहान करून घे, मग त्यात लपव. उलट क्रमाने केलंस तर माझ्या डायरीसारखं होईल.

दुसरी फट जास्त घातक. तू काही लपवलं नाहीस तरी तुझ्या फोटोत बरंच काही लपलेलं असतं: कधी काढला, कुठल्या मोबाइलने, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशासकट कुठे. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप हे गाळतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नाही. म्हणजे गुपित वाचवायला जी वाट धरलीस, तिच्यावरूनच घराचा पत्ता जायचा. जॉन मॅकॅफी आठवतो? अँटिव्हायरसवाला. २०१२च्या डिसेंबरात तो पोलिसांना चुकवत फिरत होता. एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो टाकला, फोटोत ठिकाणाचे आकडे तसेच राहिले आणि स्वारी ग्वाटेमालात आहे हे सगळ्या जगाला कळलं. कॅमेऱ्याचं लोकेशन आजच बंद कर. हे वाचून झाल्यावर नको, आत्ता.

पासवर्डबद्दल तुझ्याशी भांडायचंच आहे. नुसतं लपवू नकोस, आधी कुलूप लाव आणि मग लपव. फोटो पकडला गेला तरी आतलं वाचता येता कामा नये. स्टेगहाइड नावाचं फुकट सॉफ्टवेअर ही दोन्ही कामं करतं. ते जेपेगमध्येही लपवतं, आणि तेही त्या ढोबळ केलेल्या आकड्यांतच, पण फोटो पुन्हा दाबला गेला की तिथलंही पुसतं. कुलूप किल्लीइतकंच बळकट असतं गं. स्टेगहाइडची कुलुपं उघडायला स्टेगसीक म्हणून एक साधन निघालंय. लोकांनी खरोखर वापरलेले, चोरीला जाऊन जगजाहीर झालेले सुमारे १ कोटी ४० लाख पासवर्ड ते दोन सेकंदांच्या आत लावून बघतं. तुझं ते टोपणनाव आणि पुढे एक-दोन-तीन, त्याला शिंक यायच्या आत उघडेल. चार-पाच असंबद्ध शब्द घे, मराठीच, पण म्हणीतले नकोत आणि गाण्यातले तर नकोतच.

आणि कागदावर लिहू नकोस. २०१० साली अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले, तेव्हा कळलं की ते मॉस्कोशी अशाच फोटोंमधून बोलत होते. उघड्या वेबसाइटवर साधे फोटो, आत निरोप. काय ती तयारी! पण बऱ्याच आधी न्यू जर्सीतल्या त्यांच्यातल्या एका घराची गुपचूप झडती झाली होती, आणि तिथे एका कागदावर कुठली बटणं दाबायची आणि २७ अक्षरांचा पासवर्ड असं सगळं लिहिलेलं सापडलं. तपासवाल्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला. मॉस्कोने शिकवलेली माणसं ती, आणि २७ अक्षरं पाठ होईनात म्हणून चिठ्ठी! मला वाचताना हसू आलं आणि मग कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला माझाच वायफायचा कागद आठवला.

आता जरा जवळ ये, हे हळू सांगायचंय.

तुझ्या-माझ्यातलं गुपित असेल, मैत्रिणीची गंमत असेल, कुणाला लिहिलेलं पत्र असेल, तर खुशाल लपव. पण स्वतःचा नको तसा फोटो 'आत लपवलाय, आता सुरक्षित आहे' म्हणून कुणालाही पाठवू नकोस. ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याच्याकडे फोटो आहे, आणि तो उद्या तुझ्याशी कसा वागेल, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. कुणी म्हणालं, "तुझ्या फोटोत माझी एवढी फाइल ठेवून दे," तर आत काय आहे ते बघितल्याशिवाय ठेवायची नाही. दाखवत नसेल तर विषय संपला. आणि कुणी धमकावत असेल, तर तिथे लपवाछपवी आपल्याच गळ्याशी येते. एकही मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढ आणि रात्री दोन वाजले असले तरी मला फोन कर. पुढचं मी बघते. सरकारचं सायबर तक्रारीचं पोर्टल आहे, बायका-मुलींच्या तक्रारींची तिथे वेगळी सोय आहे, आणि पैसे गेले असतील तर १९३० नंबर.

पुढच्या वर्षी इंटर्नशिपला जाशील, म्हणून हेही ऐकून ठेव. न्यूयॉर्क राज्यात जनरल इलेक्ट्रिकमधल्या एका अभियंत्याने २०१८ मध्ये कंपनीच्या गोपनीय फाइली सूर्यास्ताच्या एका फोटोत भरल्या आणि स्वतःलाच ईमेल केल्या. सूर्यास्त सुंदर होता, पण कंपनीचं त्याच्यावर लक्ष गेलंच. त्याच वर्षी अटक, २०२२ मध्ये दोषी, २०२३ मध्ये २४ महिन्यांची शिक्षा. ऑफिसच्या संगणकावर या विद्येचं नावही काढायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

आता हे सगळं कळल्यावर काकूंच्या रोजच्या गुलाबांच्या 'शुभ सकाळ'कडे संशयाने बघू नकोस हं! नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन या दोघांनी २००१ मध्ये ईबेवरचे २० लाख फोटो चाळले होते, एकातही लपवलेला निरोप सापडला नाही. चोर फोटोत घातक मजकूर दडवतात हे खरं आहे. २०१६ मध्ये जाहिरातींच्या चित्रांत असा मजकूर सापडलाही होता. पण तो फोटोत नुसता पडून राहतो. त्याला बाहेर काढून चालवणारं दुसरं काहीतरी मोबाइलमध्ये किंवा संगणकात असावं लागतं, एखादी जुनी भोकं न बुजवलेली प्रणाली किंवा आपणच टाकलेलं ॲप. म्हणून मोबाइल अपडेट ठेव. आणि लग्नपत्रिका म्हणून जी फाइल येते तिच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं तर हात लावू नकोस, मग नवरीचं नाव कितीही ओळखीचं असो. "या फोटोत तुझ्यासाठी मेसेज आहे, वाचायला हे ॲप घे" असं कुणी म्हणालं, तर तेही त्यातलंच.

राहिली आई. तिच्यापासून लपवायला एवढं गणित लागेल असं तुला वाटतंय, म्हणून मला जरा हसू येतंय. ती फोटो बघत नाही, तुझं तोंड बघते. एरवी मोबाइल जेवणाच्या टेबलावर उताणा टाकून हात धुवायला जाणारी मुलगी तो खिशात घेऊन जायला लागली, की तिला ठिपके मोजावे लागत नाहीत. माझ्या वेळी तिने तीन आठवड्यांत ओळखलं होतं, आणि ओळखूनही पुढचे चार महिने काही बोलली नाही. रोज भाजी वाढताना नुसती बघायची. शेवटी मीच रडत सांगितलं, तर म्हणाली, "अगं, मग जेवायला घेऊन ये की त्याला." हे तुझ्या भाऊजींना विचार, त्या दिवशी त्यांनी किती पुरणपोळ्या खाल्ल्या ते.

बरं, आता सराव. तुला आत्ताच डॉक्युमेंट म्हणून दोन फोटो पाठवलेत, दोन्ही आजीच्या त्या निळ्या काठाच्या गोधडीचे, पीएनजी, लोकेशन काढून टाकलेले. एकात काही नाही. दुसऱ्यात आजीची मेतकुटाची कृती आहे, कारण माझ्याकडची एकुलती एक प्रत त्या डायरीबरोबर गेली होती आणि मागच्या महिन्यात मी आत्याकडून ती पुन्हा लिहून आणली. कुठल्या फोटोत आहे ते आधी ओळखून दाखव. एकी-बेकी मोजायचा प्रोग्राम पायथनमध्ये वीसेक ओळींत होतो, तुला जमेल. पासवर्ड रविवारी येशील तेव्हा कानात सांगेन. लिहून घ्यायचा नाही. आणि येताना डाळं घेऊन ये, माझ्याकडचं संपलंय.